तीनपैकी दीड

दिवाळीच्या सुट्टीत भाची चार दिवस राहायला आली होती. यंदा दहावीला आहे, त्यामुळे फराळाच्या डब्याशेजारी तिचा भूगोलही टेबलावर पसरलेला. मी सहज पुस्तक चाळलं तर हल्ली दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील असे दोनच देश शेजारी शेजारी ठेवून शिकवतात हे मला पहिल्यांदा कळलं. ब्राझील! आमच्या वेळी ब्राझील म्हणजे कॉफी आणि पेले, विषय संपला. इथे आख्खी दहावी त्याच्यावर.

ती म्हणाली, "मावशी, हे अवर्षण चतुष्कोन काय प्रकरण आहे गं? नुसतं नाव वाचूनच झोप येते."

मी वाचलं. ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून उभा कडा आहे, पुस्तकात त्याला अजस्र कडा म्हटलंय. समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात, कड्याला अडतात, समुद्राच्या बाजूला धो धो पाऊस पाडतात आणि कडा ओलांडून पलीकडे उतरतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसतं. म्हणून ईशान्येकडच्या उच्चभूमीवर कायमचा दुष्काळी पट्टा, तोच हा चतुष्कोन.

मी म्हटलं, "अगं, हे तर आपलं गाव."

"आपलं म्हणजे?"

आता तिचं आपलं म्हणजे कोथरूड. माझं आपलं म्हणजे खटाव तालुका, जिल्हा सातारा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नसलेल्या आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही मनात आलं तर. जुलैमध्ये पश्चिमेला बघावं तर आभाळ काळंभोर, वारं इतकं गार की अंगावर काटा यावा, आणि आमच्या अंगणात आज्जीनं शेणी (गोवऱ्या) वाळत घातलेल्या, त्या खणखणीत वाळायच्या पण. ढग यायचे, दिसायचे, जायचे. लहानपणी मला वाटायचं की पाऊस हा सगळ्यांनाच असा लांबून दिसतो.

तर मी हे सगळं तिला सांगत बसले आणि मग थांबताच येईना, हायस्कूलची ती तीन वर्षं, ९२ ते ९५, एकदम वर आली. म्हणून हे लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमच्या हायस्कूलला समाजशास्त्र हा शब्द फक्त वेळापत्रकात होता. बोलताना इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, आणि त्यातलं नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या मागे बांधलेलं शेपूट, जे मार्च जवळ आल्यावर चार तासांत उरकायचं. गणिताचे सर आजारी पडले की इतिहासाचा तास गणिताला जायचा, इतिहासाच्या बाई आजारी पडल्या की तो ऑफ तास. विज्ञानाची प्रयोगशाळा होती (तिला कुलूप होतं, पण होती), इकडे साहित्य म्हणजे चार कापडी नकाशे, वरखाली लाकडी दांडे लावलेले, गुंडाळून कोपऱ्यात उभे केलेले, उघडले की त्यातून पाल पळणार हे ठरलेलं.

त्या नकाशांपैकी जगाच्या नकाशात सोव्हिएत रशिया होता. सगळा गुलाबी, भिंतीच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. तो देश डिसेंबर ९१ मध्येच मोडला होता, पण आमच्या शाळेपर्यंत ते यायला वेळ लागला, ग्रँट नव्हती. भूगोलाच्या सरांनी मग एक दिवस निळा बॉलपेन घेतला आणि त्या कापडावर थेट पंधरा देशांच्या हद्दी मारल्या, हेडसर दारातून बघत होते तरी. आम्ही लिथुआनिया लाटव्हिया इस्टोनिया हे एका दमात म्हणायला शिकलो, त्याच चालीवर ज्या चालीवर पाढे. ते देश कुठे आहेत हे मला आजही आधी त्या गुलाबी कापडावरच दिसतं, मग खऱ्या नकाशावर.

सर महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर खडू न उचलता काढायचे. वर दमणगंगेपासून सुरुवात, किनाऱ्याने दातेरी दातेरी करत खाली तेरेखोलपर्यंत, मग कोल्हापूर सोलापूर करत पूर्वेला, गडचिरोलीला खाली एक लोंबता कोपरा, तिथून वर गोंदियाकडे (तेव्हा भंडाराच होता, गोंदिया जिल्हा नंतर झाला), सातपुड्यावरून परत. अर्धं मिनिट. आम्ही मात्र पट्टीतल्या प्लास्टिकच्या स्टेन्सिलनं काढायचो आणि त्या स्टेन्सिलला कोकणचा भाग तुटलेला असायचा कारण तिथेच प्लास्टिक सगळ्यात बारीक. आमच्या वर्गातल्या निम्म्या महाराष्ट्राला सिंधुदुर्ग नव्हता.

याच सरांनी पर्जन्यछाया शिकवली. पुस्तकात आकृती होती, समुद्र, डोंगर, बाण, डाव्या उताराला पावसाच्या तिरक्या रेघा आणि उजवीकडे कोरं. सर पुस्तकातलंच वाचत होते, सह्याद्रीच्या पूर्वेकडील प्रदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय, आणि आम्ही पेन्सिलीनं अधोरेखित करत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण, ज्यानं वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "सर, आपण त्यात येतो का?"

सर थांबले. खिडकीतून बाहेर बघितलं, बाहेर ऑगस्टचं ऊन. म्हणाले, "येतो का काय रं? त्यातच बसलोय की आपण."

आणि वर्गात एकदम हशा, पण वेगळा. कारण तोपर्यंत आम्हाला खरंच वाटत होतं की पुस्तकातले प्रदेश हे पुस्तकातच असतात. छाया हा शब्द ऐकून तर मला ते काहीतरी चांगलंच वाटलेलं, सावलीत राहणं बरंच की. मग सरांनी विचारलं कुणाचं आजोळ डोंगराकडं आहे. एका मुलीचे मामा जावळीत होते. ती उभी राहून म्हणाली की मामाच्या घरी पावसाळ्यात चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधतात, सगळ्या कपड्यांना धुराचा वास येतो. आमच्याकडे अंगणात शेणी वाळतायत आणि त्याच जिल्ह्यात कुणीतरी चुलीवर परकर वाळवतंय. त्या आकृतीतला बाण मला तेव्हा कळला.

मग सरांनी आणखी पुढं नेलं. गावाबाहेर जो पाझर तलाव आहे, ज्यात पोरं डुंबतात, तो कुणी बांधला विचारा म्हणाले घरी. मी विचारलं. तर ७२ च्या दुष्काळात आमच्या आज्जीनं आणि थोरल्या आत्यानं डोक्यावरून पाट्या टाकून तो बांध घातलेला, रोजगार हमीवर. सुकडी मिळायची, मिलो मिळायचा, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, त्याची भाकरी म्हणे थापताना हातातच चिरायची. पुस्तकात रोजगार हमी योजनेवर टीप होती, कायदा १९७७ चा, महाराष्ट्र हे असं करणारं पहिलं राज्य वगैरे. पुढे २००५ ला दिल्लीनं सगळ्या देशासाठी तसाच कायदा केला तेव्हा टीव्हीवर चर्चा चालू होती आणि माझ्या डोळ्यापुढे आज्जीची पाटी.

सरांचं अजून एक, ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नववीत त्यांनी शिकवलं होतं की दख्खनचं पठार म्हणजे लाव्हाच्या थरांचा प्राचीन, स्थिर भूभाग, भूकंपाचा धोका हिमालयाकडं, आपल्याकडं नाही. आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी. आमच्याकडे आई म्हणते मांडणीवरची भांडी वाजली, वडील म्हणतात काही नाही तुला स्वप्न पडलं. दिवसभर रेडिओवर मेलेल्यांचे आकडे वाढत होते. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले, पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ६७ ला कोयनेला झाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, ११ डिसेंबर, तोही असाच पहाटेचा, पण तेव्हा सगळ्यांनी धरणाच्या पाण्यावर ढकललं आणि पुस्तक तसंच राहिलं. शिक्षक वर्गासमोर मी चुकलो म्हणतोय हे मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही फार वेळा नाही. आम्ही आठवडाभर गावातून कपडे आणि ज्वारी गोळा केली, पोती भरून तालुक्याला पाठवली. परीक्षेत मात्र दख्खनचं पठार स्थिरच लिहायचं होतं, मॉडेल उत्तर तेच होतं.

आता इतिहासाच्या बाई. त्यांच्याबद्दल मला नीट लिहायचंय कारण आम्ही त्यांना फार नावं ठेवायचो. त्या वाचून दाखवायच्या. धडा वाचायच्या, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहायच्या, आम्ही उतरवायचो, संपलं. रिकाम्या जागा, जोड्या लावा, कारणे द्या, टीपा लिहा. सनावळ्या पाठ नसल्या की हातावर पट्टी. आठवीला स्वातंत्र्यलढा होता आणि त्यात बेचाळीसच्या आंदोलनात आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला काही ओळी आल्या होत्या, क्रांतिसिंह नाना पाटील, प्रतिसरकार, न्यायदान मंडळं, तुफान सेना. सहामाहीला टीप आली: प्रतिसरकार, ४ मार्क.

मी काय केलं, पुस्तक बाजूला ठेवलं आणि आज्जीनं सांगितलेलं लिहिलं. आज्जीचं माहेर खाली येरळेच्या काठानं गेलं की कुंडलच्या बाजूचं. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न प्रतिसरकारच्या माणसांनी लावलेलं, गांधी पद्धतीचं, हुंडा नाही, मानपान नाही, दोन हार आणि गूळ, आणि तिच्या वडलांना म्हणे आधी फार राग आला होता की वाजंत्री सुद्धा नाही म्हणजे काय. रात्री अनोळखी माणसं जेवायला यायची, त्यांना नाव विचारायचं नाही, भाकरी द्यायची, सकाळी ती माणसं नसायची. गावात कुणी बाईला त्रास दिला, कुणी पोलिसांना बातमी दिली, की त्याला धरून पाय वर बांधायचे आणि तळव्यावर काठी. बैलाच्या खुराला पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारतात तशी ह्यालाबी मारली, असं लोक म्हणायचे, आणि म्हणून पत्री सरकार. मी सगळं लिहिलं, दीड पान. पत्री सरकार, पत्री सरकार, पत्री सरकार.

पेपर मिळाला. बाईंनी पत्रीला प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला होता, पाच गोल, आणि प्रत्येकावर नीट अक्षरात "प्रति". शेजारी चारपैकी दोन. शुद्धलेखनाचे कापले म्हणाल्या.

मी घरी येऊन रडले. आज्जीनं पेपर हातात घेतला, तिला वाचता येत नव्हतं पण लाल गोल दिसत होते. म्हणाली, "ह्ये काय गं?" मी सांगितलं, पत्री चूक, प्रति बरोबर. आज्जी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्या बाईला इचार, पाय बघितल्यात का तिनं कुणाचं?"

खरं तर दोघी बरोबर होत्या. प्रतिसरकार म्हणजे इंग्रजांच्या सरकारला समांतर सरकार, तोच त्याचा अर्थ आणि तेच नाव. पत्री हे तोंडी रुळलेलं, आणि ते प्रतिचं बिघडून झालं की विरोधकांनी घाबरवायला पाडलं की तळव्यावरच्या काठीवरून आलं यावर आमच्याकडे आजही पारावर वाद रंगतो. पण हे मला तेव्हा कोण सांगणार.

मग आली संक्रांत. आईनं हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलावलं, त्यात बाईही आल्या. मला कल्पना नव्हती की आज्जी वाटच बघत होती. बाईंच्या हातात तिळगूळ पडला न पडला तोच आज्जी म्हणाली, "बाई, त्या परतीचं काय वो? आमी तर पत्रीच म्हंतो." मला वाटलं आता जमीन फाटावी. बाई आधी हसल्या, मग काहीतरी समजावायला लागल्या, मग आज्जी बोलायला लागली. आणि बाई बसल्या. बाकीच्या बायका वाण घेऊन गेल्या, दिवेलागण झाली, बाई आमच्या सोप्यात पोत्यावर बसून ऐकतायत. शेणोलीला रेल्वे लुटली त्याची गोष्ट (जून १९४३ ची, पुस्तकात नव्हती), बहिणीच्या लग्नातला गूळ, गाडीखाली लपवलेलं कुणीतरी. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. जाताना आज्जीच्या पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या, फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "उत्तरपत्रिकेत प्रति लिहायचं. घरी पत्री म्हणायचं. कळलं?" आणि पुढचा धडा वाचायला घेतला. माझे मार्क वाढवले नाहीत.

त्याच वर्षी सहल औंधला गेली. लांब कुठे जायची ऐपत नव्हती, औंध जवळ. यमाईच्या डोंगरावर पायऱ्या चढून डबे खाल्ले, खाली येऊन भवानी म्युझियम बघितलं, रविवर्म्याची चित्रं बघितली, रांगेत हात मागे बांधून, कशालाही हात लावायचा नाही. आम्हाला सांगितलं की राजे सूर्यनमस्कार घालायचे आणि चित्रं काढायचे. एवढंच. आता माझं म्हणणं असं की त्याच वर्षी आम्ही नागरिकशास्त्रात संविधान पाठ करतोय, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० ला लागू झालं, आणि आम्ही ज्या वाड्यापुढे उभं राहून गोळ्या-बिस्किटं खातोय तिथल्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जानेवारी १९३९ मध्ये आपल्या ७२ गावांच्या संस्थानाला राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हातात सोपवला होता. आपणहून. राजपुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, तिथे बसून आराखडा ठरला, गावाला पंचायत, पंचायतीला अधिकार. आणि आज्जीचं ते कुंडल औंध संस्थानातलंच गाव, म्हणून तर भूमिगतांना तिथे जरा मोकळं फिरता यायचं, संस्थानी मुलखात इंग्रजांच्या पोलिसाला खालसातल्यासारखं, म्हणजे थेट इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखातल्यासारखं, सरळ घुसता येत नव्हतं.

हे मला कधी कळलं? वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पुण्यात, एका व्याख्यानाला पावसामुळे आडोसा म्हणून शिरले तेव्हा. मागच्या खुर्चीवर बसून छत्री ठिबकतेय आणि वक्ते औंध औंध म्हणतायत. मला इतका राग आला, कुणाचा ते माहीत नाही. संस्थानांच्या विलीनीकरणात आम्ही जुनागड, हैदराबाद, काश्मीर एवढी तीन घोकली, आणि घरापासून एसटीच्या अंतरावर हे.

नागरिकशास्त्राची एक गोष्ट मात्र झाली आणि तीही बाईंनीच केली, संक्रांतीनंतर त्यांना काहीतरी झालं होतं असं माझं मत. नववीत असताना २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर म्हणाल्या, मुलींनी ग्रामपंचायतीत जायचं, आज ग्रामसभा असते, बघायची आणि दहा ओळी लिहून आणायच्या. ७३ वी घटनादुरुस्ती नुकतीच लागू झाली होती, एप्रिल ९३ ला, बायकांना एकतृतीयांश जागा, त्यामुळे बाई जोरात होत्या.

आम्ही सात जणी गेलो. निळे स्कर्ट, पांढरे शर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. पंचायतीत ग्रामसेवक, शिपाई आणि पाच-सहा पुरुष, सतरंजी रिकामी. ग्रामसेवक म्हणाले, "काय गं पोरींनो, कुणाच्या तुम्ही?" आम्ही सांगितलं सभा बघायला आलोय. ते कधी न ऐकलेलं काहीतरी ऐकल्यासारखे बघत राहिले. अर्ध्या तासानं सरपंच आले, कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली, चहा आला, आणि चहा झाल्यावर त्याच सतरंजीवर त्याच माणसांची तहकूब सभा भरली. तहकूब सभेला कोरम लागत नाही. हा नियम आम्हाला पुस्तकानं नाही, शिपायानं समजावून सांगितला, बशीतला चहा पीत. माझ्या मैत्रिणीची आई सदस्य होती, तिच्या जागी मैत्रिणीचे वडील बसले होते, लेकीला बघून ते भिंतीकडं तोंड करून बसले. मग रजिस्टर शिपायाच्या काखेत गेलं, घरोघरी सह्या आणि अंगठे घ्यायला.

आम्ही दहा ओळी लिहिल्या. जसं झालं तसं. बाईंनी वाचलं, काहीच बोलल्या नाहीत, पण दोन दिवसांनी त्यांना हेडसरांनी बोलावून घेतलं आणि त्यानंतर असा गृहपाठ परत कधी आला नाही. परीक्षेला "ग्रामसभेचे महत्त्व स्पष्ट करा" हा प्रश्न आला तेव्हा मी लिहिलं, ग्रामसभा हा लोकशाहीचा पाया आहे. पैकीच्या पैकी.

बोर्डाच्या वर्षाचं काय सांगू, ते सगळ्यांचं सारखंच. साडेसातशेतले दीडशे या विषयाचे, म्हणजे गणिताइतकेच, पण गणिताला क्लास आणि याला गाइड. एकवीस अपेक्षित आणून त्यातले सोळा पाठ करायचे. मोठ्या उत्तराला मुद्दे पाडायचे, मुद्द्याखाली पट्टीनं रेघ, तपासणारा रेघा बघतो असं ठाम सांगितलेलं. नकाशा वेगळा मिळायचा, सूची काढायची विसरली तर मार्क गेले, आणि शेवटी मुख्य उत्तरपत्रिका, पुरवण्या, नकाशा असं सगळं पांढऱ्या दोऱ्यानं ओवून गाठ मारायची, ती गाठ मारताना घंटा व्हायची आणि हात थरथरायचे. मला दीडशेपैकी १२१ पडले. घरात कुणी विचारलंही नाही, सगळ्यांनी गणिताचे विचारले. मी पुढे कॉमर्सला गेले, इतिहासाची वही आईनं चुलीला लावली, पहिल्या पानावर शिवाजी महाराजांचं चित्र होतं ते तेवढं फाडून ठेवलं.

मध्यंतरी २०२० ला शेजारचा मुलगा दहावीला होता. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, कोरोनानं खाल्ला, सरासरी काढून मार्क दिले. सोसायटीत पोरांनी जल्लोष केला. तो मुलगा अजून सांगतो, काकू मी भूगोल न देता पास झालेलो माणूस आहे. मला उगाच वाईट वाटलं होतं, म्हणजे कुठल्याच दुसऱ्या विषयाबद्दल लोक इतक्या सहज म्हणाले नसते की जाऊ दे, भूगोलच तर आहे.

तर भाची. दिवाळीत तिला मी गाव, शेणी, जावळीची चूल, आज्जीची पाटी सगळं सांगितलं. अवर्षण चतुष्कोन तिला एका फटक्यात समजला. म्हणाली, म्हणजे मावशी ब्राझीलमध्येपण कुणाचीतरी आज्जी असणार ना, पलीकडे पाऊस बघत बसलेली. मी म्हटलं असणारच.

जानेवारीत प्रिलिम झाली. परवा रात्री व्हॉट्सॲपवर तिचा फोटो आला, उत्तरपत्रिकेचा. भौगोलिक कारणे लिहा, ब्राझीलच्या उच्चभूमीच्या ईशान्य भागात पाऊस कमी पडतो. तिनं अजस्र कडा लिहिलाय, वारे लिहिलेत, आणि खाली, "जसे महाबळेश्वरला खूप पाऊस पडतो पण माझ्या मावशीच्या गावात जुलैमध्ये सुद्धा शेणी वाळतात." त्या ओळीला लाल रेघ. शेजारी, पुस्तकातील मुद्दे लिहा. तीनपैकी दीड.

मी लगेच हिशेब केला. चारपैकी दोन म्हणजे पण निम्मेच.

फोन केला तर ती अजिबात रडत नव्हती, ही पिढी वेगळी आहे. नुसतं विचारलं, "मग बोर्डात काय लिहू?"

आता इथं मी काय बोलले असते असं तुम्हाला वाटतं माहीत नाही. मी म्हटलं, "बोर्डात पुस्तकातलंच लिही."

"आणि शेवटी कंसात तुझं गाव लिहिलं तर?"

"जागा उरली तर लिही," म्हटलं, "त्याच्यासाठी पुरवणी घेऊ नकोस."